फोर्ट नेसेसिटीचे ठरलेले तीन तास अवघ्या पस्तीस मिनिटांत उरकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, नाशिक शाखा

विषय : अमेरिका पूर्व किनारा सहलीत ठरलेले ठिकाण ठरल्याप्रमाणे न दाखवल्याबद्दल

महोदय,

मी आणि माझे यजमान मे महिन्यात आपल्या चौदा दिवसांच्या सहलीला आलो होतो. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा व्यवस्थित झाले. राहण्या-जेवण्याबद्दल काही म्हणणे नाही. माझी तक्रार सातव्या दिवसाची, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या फोर्ट नेसेसिटी या १७५४ च्या लढाईच्या जागेबद्दल आहे.

आपल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवशी ‘फोर्ट नेसेसिटी : रणांगण, पुनर्बांधणी केलेला किल्ला व माहिती केंद्र, स्थानिक गाइडसह, ३ तास’ असे लिहिले आहे. पत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे. या एका ओळीसाठी मी तुमची सहल निवडली. बाकीच्या दोन कंपन्या स्वस्त होत्या, पण हे ठिकाण त्यांच्याकडे नव्हते. पैसे भरण्याआधी कॉलेज रोडच्या ऑफिसात मी दोनदा खात्री करून घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “ताई, लिहिलंय ना, मग तीन तास म्हणजे तीन तास.”

मला ते का बघायचे होते ते सांगते, म्हणजे ही तक्रार किरकोळ वाटणार नाही. गेली काही वर्षे आम्ही काही जण रविवारी नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर जातो. घाणेरीची झुडपे काढतो, टाक्यांतला गाळ उपसतो. ढासळलेला तट पुन्हा रचावा की आहे तसा जपावा, हा वाद आमच्यात कायम चालतो. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या जिल्ह्यातल्या किती तरी किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या फोडून टाकल्या. त्या पुन्हा बांधायच्या तर कशाच्या आधारावर? फोर्ट नेसेसिटीला चुकीच्या आकारात पुन्हा बांधण्याची चूक एकदा होऊन दुरुस्तही झाली आहे. १९३२ मध्ये तिथे किल्ला उभारला तो कोनांचा. पुढे १९५३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी खोदकाम केले, तेव्हा ओल्या जमिनीत मूळ खांबांचे बुंधे सापडले आणि किल्ला गोल होता हे कळले. व्यास जेमतेम ५३ फूट. आधीचे बांधकाम काढून १९५४ मध्ये गोल किल्ला उभा केला. चूक कबूल करून बांधलेली ती गोष्ट मला डोळ्यांनी बघायची होती.

प्रत्यक्षात काय झाले? बस उशिरा पोहोचली, कारण वाटेत सेल लागलेल्या एका मॉलमध्ये दोन तास थांबली. तो थांबा पत्रिकेत नव्हता. गाइड नव्हता. टूर मॅनेजर माइकवर म्हणाले, “पस्तीस मिनिटं आहेत, लाकडाचं कुंपण आहे, फोटो काढून या.” आणि पुढे त्यांनी सांगितले की जॉर्ज वॉशिंग्टन यांनी इथे इंग्रजांना हरवले.

महोदय, हे साफ चूक आहे. ३ जुलै १७५४ ला वॉशिंग्टन स्वतः इंग्रजांच्या बाजूने, फ्रेंचांविरुद्ध लढत होते. वय बावीस. आणि ते हरले. आयुष्यात शत्रूपुढे शरणागती पत्करण्याची त्यांची ती एकमेव वेळ. दिवसभर पाऊस, खंदकांत पाणी, बंदुकीची दारू भिजलेली. रात्री शरणागतीचा जो फ्रेंच कागद त्यांच्यापुढे आला, त्यात मे महिन्यातल्या चकमकीत मेलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याची ‘हत्या’ केल्याचे शब्द होते. वॉशिंग्टन यांना फ्रेंच येत नव्हते, दुभाष्याने भिजल्या कागदावरून जे सांगितले त्यावर त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, ते तिथून निघाले. गाडीत पन्नास माणसे होती, शाळेत जाणारी मुले होती. त्यांनी चुकीचा इतिहास वहीत लिहून घेतलेला मी पाहिला. मी उठून बोलायला गेले तर “मॅडम, नंतर” म्हणून माइक बंद केला.

त्या पस्तीस मिनिटांतली दहा-पंधरा किल्ल्यापर्यंत जाण्या-येण्यात गेली. गवत ओले होते. आत गेले आणि पुन्हा बांधावे की नाही हा मनातला प्रश्न तिथल्या तिथे सुटला. ओंडके उभे चिरून, शेजारी शेजारी रोवलेले. दोन मोठ्या खांबांमधल्या फटीला डोळा लावला तर समोर सखल कुरण आणि त्याच्या कडेला झाडीची चढण, अगदी बंदुकीच्या टप्प्यात. पुस्तकात वाचून न कळलेली हार त्या फटीतून एका क्षणात कळली. मातीचे बांध बघायला मी वळले, तोच शिट्टी वाजली. माहिती केंद्राच्या दारातून आम्हाला परत फिरवले. मैलभरावर जनरल ब्रॅडॉक या इंग्रज सेनापतींची समाधी आहे. १७५५ मध्ये शत्रूला थडगे सापडू नये म्हणून त्यांना रस्त्यातच पुरून वरून सैन्य चालवले होते. ती बसच्या खिडकीतूनसुद्धा कोणी दाखवली नाही. पुन्हा तिथे जाणे या वयात आम्हा दोघांना जमणार नाही, याचे मला फार वाईट वाटते.

परत आल्यावर मी दोन ई-मेल पाठवले. उत्तर म्हणून ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी’ आणि पुढच्या सहलीवर दोन हजारांची सूट आली. मला सूट नको आहे. त्या दिवसाचे, दोघांचे, पत्रिकेप्रमाणे होणारे पैसे परत करावेत. मॉलचा थांबा कोणाच्या सांगण्यावरून घातला याचा लेखी खुलासा द्यावा. आणि सप्टेंबरच्या बॅचला एक तर खरोखर तीन तास व माहीतगार गाइड द्यावा, नाही तर पत्रिकेतली ती ओळ काढून टाकावी. त्या ओळीवर विश्वास ठेवून पैसे भरणारे आणखी कोणी असतील.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. पावती, पत्रिका आणि दोन्ही ई-मेलच्या प्रती जोडल्या आहेत.

आपली,
मे महिन्याच्या बॅचमधील एक प्रवासी
गंगापूर रोड, नाशिक