सोनूचे राहिलेले डोस

बर्मिंगहॅम,
रविवार, २९ जून २०२५

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाच्या सोनूला पुढच्या सुया नकोत असं तू म्हणालीस, आणि गुरुवारी फोनवर मी तुझ्यावर ओरडले. तू काही न बोलता फोन वहिनीच्या हातात दिलास. तेव्हापासून मला धड झोप नाही. पुन्हा फोन केला तर पुन्हा तसंच होईल, म्हणून लिहायला बसले. टपालाने हा कागद जयगडला पोचायला दोन-तीन आठवडे तरी जातील आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही, म्हणून याचे फोटो आजच वहिनीला पाठवते. पडवीत बसून ती तुला वाचून दाखवील. मूळ कागद मागाहून येईल, तो तुझ्यापाशी ठेव.

सोनूला दीड महिन्याची सुई दिली त्या रात्रीचं तू सांगत होतीस आणि मी मध्येच तोडून म्हणाले, "लशीने ताप येतोच." आज ती रात्र मी डोळ्यांपुढे आणते. मार्चअखेरचा उकाडा, दादा बोटीवर, वहिनी अजून बाळंतपणातून सावरलेली नाही. पोर तापाने फणफणलेलं, मांडी टणक झालेली, पाय जरा हलवला की किंचाळतंय, दूध धरत नाही. तू पहाटेपर्यंत त्याला खांद्यावर घेऊन खळ्यात फेऱ्या घातल्यास. आदल्या दिवशी उपकेंद्रात गर्दी होती. कार्डावर तारीख लिहिली आणि पुढचं मूल घेतलं. ताप येईल, मांडीला गाठ येईल, औषध किती द्यायचं, यातलं कोणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कोणी विचारायलाही आलं नाही. आली ती फक्त शेजारची काकू. तिने पोराच्या कपाळाला हात लावला, तुला चहा करून दिला आणि सांगितलं की तिच्या माहेरी एक मूल अशाच सुईने कायमचं लुळं झालं.

तुझ्या जागी मी असते तर मीही काकूचंच ऐकलं असतं. जे माणूस सकाळी दारात येऊन उभं राहतं, त्याचं ऐकलं जातं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मनू वर्षाची झाली तेव्हा तिला गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस द्यायची होती. मी ती चार महिने दिली नाही. तुझ्या जावयालाही खरं कारण सांगितलं नाही, "सर्दी आहे, बरी झाली की नेते" असं म्हणत राहिले. मनू तेव्हा काहीच बोलत नव्हती, हाक मारली तरी पुष्कळदा वळून बघायची नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं की या लशीने मुलं स्वमग्न होतात, त्यांना ऑटिझम होतो, तिच्या भाच्याचं तसंच झालं. मी दवाखान्यात काम करते, आई. ही भीती कुठून निघाली तेही मला ठाऊक होतं. १९९८ मध्ये इथल्याच एका डॉक्टरने अवघ्या १२ मुलांवरून तसा लेख छापला, २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासली, त्यात असा काही संबंध दिसला नाही. हे सगळं माहीत असूनही रात्री मनूच्या पाळण्याजवळ बसले की एकच विचार यायचा: लस दिली नाही आणि काही झालं तर ते नशीब, पण दिली आणि काही झालं तर ते मी केलं.

मला वाटतं, तुझ्याही मनात हेच आहे. डांग्या खोकला झाला तर तो वाऱ्यावरून आला, देवाने दिला. सुईने काही झालं तर सोनूला मांडीवर धरून बसलेली तूच होतीस. या ओझ्याला वर्तमानपत्रातली माहिती पुरत नाही. आणि या ओझ्यावर मी तुला अडाणी म्हटलं. त्याबद्दल मला माफ कर.

मला त्यातून बाहेर काढलं ते इथल्या एका नर्सने. तोवर बर्मिंगहॅमभर गोवर पसरला होता, जानेवारी २०२४ मध्ये सरकारने तो राष्ट्रीय पातळीवरचा प्रसंग म्हणून जाहीर केला. ती मला काही शिकवायला बसली नाही. तिने विचारलं, "तुला नेमकी कशाची भीती वाटते?" मी रडले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की मनूच्या बोलण्याची तपासणी आपण आजच लावू, लशीची वाट कशाला बघायची. दोन्ही गोष्टी तिने वेगळ्या करून दिल्या. लस मी त्याच आठवड्यात दिली. मनूच्या कानात पाणी साचलं होतं, ते नंतर कळलं. आता ती दोन्ही भाषांत बडबडते हे तू ऐकतेसच.

तू म्हणालीस, "तुमच्याकडच्या मुलांना कुठे एवढा ताप येतो?" हे तुझं बरोबर आहे, आणि त्याचं कारण मी तुला नीट सांगायला हवं होतं. आपल्याकडच्या पेंटामध्ये, म्हणजे सोनूला दिलेल्या सुईत, पाच रोगांवरची लस असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर देणारा जंतू). त्यातला डांग्या खोकल्याचा जंतू अख्खा, मारून घातलेला असतो. शरीर त्याला जोरात ओळखतं, म्हणून ताप आणि सूज. इथे २००४ पासून त्या जंतूचे निवडक तुकडेच घालतात. ताप कमी येतो, पण संरक्षणही लवकर ओसरतं. मागच्या वर्षी, २०२४ मध्ये, इंग्लंडमध्ये डांग्या खोकल्याचे १४ हजारांवर रुग्ण सापडले आणि ११ तान्ही मुलं गेली. सोनूला आलेला ताप म्हणजे ती लस काम करत होती.

काकूच्या माहेरच्या मुलाबद्दलही मी फार विचार केला. काकू खोटं बोलते असं मी म्हणणार नाही. हीच गोष्ट या देशात घडून गेली आहे. १९७४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ३६ मुलांची हकिगत छापली: डांग्या खोकल्याच्या याच लशीनंतर त्यांना झटके आले, मेंदूला इजा झाली. टीव्हीवर, वर्तमानपत्रांत तेच. आयाबाप घाबरले आणि काही वर्षांत ही लस घेणारी मुलं शंभरात तीसच्या आसपास उरली. मग खोकल्याची साथ आली, एकदा नाही, दोनदा. मी काम करते त्या वॉर्डात गेल्या हिवाळ्यात ऐंशीच्या पुढची एक आजी होती. तिने तेव्हा भीतीपोटी मुलाला लस दिली नव्हती. खोकत खोकत तो निळा पडायचा, उबळ संपली की श्वास आत घेताना कोंबड्यासारखा आवाज यायचा, मग उलटी. तीन महिने. तो वाचला, पण सत्तेचाळीस वर्षांनंतरही तो आवाज सांगताना तिने माझा हात घट्ट धरला होता.

आणि ती झटके आलेली मुलं? २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लशीने मेंदू बिघडला असं म्हटल्या गेलेल्या १४ जणांचं रक्त तपासलं. त्यांतल्या ११ जणांमध्ये अपस्माराच्या एका कठीण प्रकाराचा दोष जनुकातच निघाला. झटके त्या मुलांना येणारच होते, लशीच्या तापाने पहिला झटका आला एवढंच. त्या आयांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते खरं होतं, कारण मात्र दुसरं होतं. काकूच्या माहेरच्या मुलाचं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. पण सोनूला त्या रात्री झटका आला नव्हता, हे तू स्वतः पाहिलं आहेस.

तुझ्या दंडावरची देवीची खूण आठव. लहानपणी मी तिच्यावर बोट फिरवत झोपायचे. माझ्या दंडावर तशी नाही, कारण माझ्या जन्माआधीच देवी संपल्या: भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, आणि १९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. तूच सांगायचीस, देवी काढणारा माणूस होडीतून उतरला की पणजी पोरांना माळ्यावर लपवायची, देवीचा कोप होईल म्हणून. आणि तिचीच दोन मुलं देवींनी गेल्यावर पुढच्या खेपेला तिने उरलेल्यांना स्वतः हाताला धरून पुढे केलं. २०२१ मध्ये तूही कोविशिल्डसाठी पहाटे चारला रांगेत उभी होतीस, कारण वाडीतली चार माणसं त्या महिन्यात गेली होती. धनुर्वाताच्या सुईला कुणी नाही म्हणत नाही, कारण गंजलेल्या खिळ्याने काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे. डांग्या खोकला मात्र तू पन्नास वर्षांत पाहिला नाहीस. तो लशीमुळेच दिसेनासा झाला आहे, म्हणून ताप मोठा दिसतो आणि खोकला दिसत नाही.

एप्रिलमध्ये वहिनी सांगत होती, आंब्याच्या कलमांच्या राखणीला आलेल्या त्या नेपाळी बाईच्या मुलीला एकही डोस मिळालेला नाही. तिने कधी नको म्हटलं नव्हतं. लसीकरणाच्या सत्राचा दिवस कुठला ते तिला माहीत नव्हतं, आणि गेली असती तर दिवसाची मजुरी बुडाली असती. राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत एक प्रयोग झाला होता. नुसतं होतं तसं चालू दिलं त्या गावांत शंभरात ६ मुलांचे डोस पूर्ण झाले. ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं तिथे १८. आणि शिबिरात प्रत्येक सुईला एक किलो डाळ, सगळे डोस झाले की थाळ्या दिल्या, तिथे ३९. एक किलो डाळीने कुणाची श्रद्धा बदलत नाही, गेलेला दिवस भरून निघतो. पुढच्या हंगामात ती बाई आली तर तिला तुझ्याबरोबर ने, एवढं माझं ऐक.

आता सोनूचं. पहिला डोस वाया गेलेला नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेले दोन, मध्ये किमान चार आठवडे ठेवून, देता येतात. मासेमारीच्या पावसाळी बंदीमुळे ३१ जुलैपर्यंत दादा घरी आहे, म्हणजे या वेळी तू एकटी नसशील. आशाताईंना आजच फोन करून सत्राचा दिवस विचारा. नर्सबाईंना मार्चची रात्र सगळी सांग: किती ताप, किती वेळ रडला, झटका आला नाही. तापाच्या औषधाचे थेंब त्याच्या वजनाप्रमाणे किती ते त्यांच्याकडून कार्डावर लिहून घ्या. मांडीवर गार पाण्याची घडी ठेवा, चोळू नका.

तू देवळात कौल लावणार आहेस असं वहिनी म्हणाली. लाव. पण त्याआधी गुरवकाकांना त्यांच्या नातवाचं कार्ड दाखवायला सांग. त्याचे सगळे डोस वेळेवर झालेत, आणि पहिल्या रात्री त्यालाही असाच ताप होता.

सत्राचा दिवस कळला की मला कळवा, मी सुट्टी टाकते. सोनू रडायला लागला की तुम्ही फोन लावायचा. तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजतील तेव्हा इथे साडेनऊ असतील, मनू झोपलेली असेल. तू त्याला घेऊन खळ्यात फिरशील तोवर मी फोनवर असेन. सकाळी उजाडलं की काकूच्या आधी मी विचारीन, ताप किती आहे म्हणून.

दादाला म्हणावं, पाऊस आहे, मोटरसायकलवरून नेऊ नको. रिक्षा सांग. पैसे मी पाठवले आहेत.

तुझी,
बाय