श्लोकातला पाय आणि बत्तिसावे अक्षर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘गोपीभाग्यमधुव्रात’ या श्लोकाची चौकट प्रसिद्ध झाली. परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे ज्याला आपण पाय म्हणतो त्याची ३२ आकड्यांपर्यंतची किंमत वेदकालीन ऋषींनी या कृष्णस्तुतीत दडवून ठेवली, असे त्या चौकटीत ठामपणे म्हटले आहे. या श्लोकाविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की माध्यमिक शाळेत गणित शिकवताना मी स्वतः कितीतरी वर्षे तो नववीच्या फळ्यावर अशाच शब्दांत लिहीत आलो आणि एकदाही शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहिला नाही. निवृत्तीनंतर एका व्याख्यानाच्या निमित्ताने कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा ते काम झाले.

श्लोक असा आहे:

गोपीभाग्यमधुव्रात शृङ्गिशोदधिसन्धिग ।
खलजीवितखाताव गलहालारसंधर ॥

तो कटपयादी पद्धतीने वाचायचा. क, ट, प, य म्हणजे १, ख, ठ, फ, र म्हणजे २, ग, ड, ब, ल म्हणजे ३, असे पुढे. काना, मात्रा, वेलांटी मोजायची नाही आणि जोडाक्षरात शेवटचे व्यंजन तेवढे धरायचे. गो ३, पी १, भा ४, ग्य १, म ५, धु ९, व्रा २, त ६, अशी अक्षरे सुटत जातात आणि ३१ आकडे बिनचूक येतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण अनुष्टुभाचे बत्तिसावे अक्षर ‘र’ आहे आणि ‘र’ म्हणजे २. पायमध्ये त्या जागी ५ आहे. तिथे म, श किंवा ण हवा होता, पण ‘धर’ या शब्दाला ‘र’शिवाय गत्यंतर नाही. छंदाने आणि अर्थाने मिळून गणितावर मात केलेली ही जागा आहे.

एका आकड्याची चूक कोणाच्याही हातून होईल, त्यामुळे माझा आक्षेप तिच्यावर नाही. आक्षेप आहे तो श्लोक ज्या दिशेने वाचावा लागतो त्या दिशेवर. कटपयादीचा परंपरागत नियम ‘अङ्कानां वामतो गतिः’ असा आहे, म्हणजे पहिले अक्षर एकक स्थानाचे असते आणि संख्या उजवीकडून डावीकडे लावायची असते. कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांना हे ठाऊक असते: ‘धीरशंकराभरण’ या मेळाच्या, म्हणजे मूळ स्वरक्रमाच्या, नावातील पहिली दोन अक्षरे त्याचा क्रमांक सांगतात; धी ९ आणि र २, आणि हा मेळ ९२वा नसून २९वा आहे. प्रस्तुत श्लोक मात्र डावीकडून उजवीकडे, आपण आज दशांश अपूर्णांक वाचतो तसा, वाचला तरच पाय देतो. द्वितीय आर्यभट या नंतरच्या गणितीच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात अक्षरांक डावीकडून वाचतात हे खरे, पण त्या पद्धतीत जोडाक्षरातील प्रत्येक व्यंजन मोजले जाते, म्हणजे ‘ग्य’चे एक नव्हे, ३ आणि १ असे दोन आकडे होतील आणि श्लोक चौथ्याच अक्षराला कोसळेल. एका पद्धतीतला जोडाक्षराचा नियम आणि दुसरीतली दिशा घेऊन हा श्लोक उभा आहे. ज्याने तो रचला, त्याच्यासमोर पायचे आकडे आधीच छापलेले होते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

दुसरी गोष्ट व्यासाची. आपल्या गणितींनी परीघ सांगितला, तर तो कोणत्या व्यासाचा हेही सांगितले. पहिल्या आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला आणि त्याच श्लोकात तो ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असल्याचे स्पष्ट नमूद केले. ‘गोपीभाग्य’मध्ये व्यास कुठेच नाही; आकड्यांच्या आधी शून्य आणि दशांशचिन्ह मनाशी धरून त्याला पायचा दहावा भाग मानावे लागते. शिवाय गोपी ही वेदसंहितेतली मंडळीच नव्हेत. ती हरिवंश-भागवताच्या जगातली आहेत, हे तर आपल्या कीर्तनाच्या श्रोत्यांनाही सांगावे लागू नये.

मग हा श्लोक घरोघरी पोहोचला कसा? पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’ हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातून. पुस्तकातली सोळा सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टातली असल्याचे सांगितले जाते. लखनौचे गणितेतिहासाचे अभ्यासक कृपाशंकर शुक्ल यांनी १९५० मध्ये परिशिष्टांची छापील प्रत समोर ठेवून सूत्रांची जागा विचारली, तेव्हा ती अन्य कोणत्याही प्रतीत नसून आपल्याच परिशिष्टात आहेत, असे उत्तर स्वामीजींनी दिले होते. पुस्तकाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीही सूत्रांच्या भाषेची ठेवण पाहता ती स्वामीजींनाच स्फुरलेली दिसतात, असे नोंदवून ठेवले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणिती एस. जी. दाणी यांनी नव्वदच्या दशकात याविषयी सविस्तर लिहिले. सूत्रांतील गुणाकाराच्या युक्त्या कामाच्या आहेत, मी त्या आवडीने शिकवल्या; प्रश्न फक्त त्यांच्या जन्मदाखल्याचा आहे.

उत्तर आधी माहीत असेल, तर ते अक्षरांत बसवणे किती अवघड आहे, हेही मी करून पाहिले. दर आकड्याला दोन ते चार व्यंजने आणि स्वर सगळे मोकळे, इतकी सवलत असल्यावर दुपारच्या चहापर्यंत दोन ओळी तयार झाल्या: ‘बापू, वाट मधुर ती’ आणि ‘रास पाहा, राजा’. पहिलीत ३१४१५९२६ आहे, म्हणजे पाय. दुसरीत २७१८२८ आहे, म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदमचा पाया असलेला ‘ई’ हा स्थिरांक. वाचकांनी अक्षरे लावून पाहावीत. या ओळी उद्या कोणाला जात्यावरच्या ओव्यांच्या वहीत सापडल्या, तर मळणीच्या खळ्यावर उच्च गणित चालत असे, असा निष्कर्ष निघायला हरकत नाही.

हा छंद आपल्याकडचाच आहे असेही नाही. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या वाक्यात हिब्रूत ७ शब्द आणि २८ अक्षरे आहेत. त्या अक्षरांच्या अंकमूल्यांचा गुणाकार अक्षरसंख्येने गुणायचा, शब्दांच्या मूल्यांचा गुणाकार शब्दसंख्येने गुणायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. मग सतरा स्थळे सोडून दशांशचिन्ह दिले, की ३.१४१५ मिळते आणि लगेच पुढच्या आकड्याला गाडी घसरते. योहानाच्या शुभवर्तमानातील पहिल्या ग्रीक वाक्याला हीच रीत लावून ‘ई’ काढणारेही आहेत. हाच भागाकार का, बेरीज का नाही, दहाचे घात का सोडायचे, याचे उत्तर एकच: तसे केले की हवे ते येते. हिब्रू बायबलमध्ये ठराविक अंतरावरची अक्षरे वेचून भाकिते शोधण्याचा प्रकार गाजला, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे गणिती ब्रेंडन मॅके यांनी त्याच रीतीने ‘मोबी डिक’ या कादंबरीतून राजकीय हत्यांची ‘भाकिते’ काढून दाखवली होती.

मला खरी हळहळ वाटते ती केरळच्या माधवाबद्दल. चौदाव्या शतकात संगमग्रामच्या या गणितीने अनंत श्रेणीच्या वाटेने पायपर्यंत पोहोचून नऊ निखर्व, म्हणजे नवावर ११ शून्ये, इतक्या व्यासाच्या वर्तुळाचा परीघ २८,२७,४३,३३,८८,२३३ दिला. भागाकार केला की पायचे दहा दशांश बरोबर येतात. तोही श्लोकातच आहे, ‘विबुधनेत्रगजाहिहुताशन’ असा; पण तिथे काही दडवलेले नाही. विबुध म्हणजे ३३ देव, नेत्र २, गज ८. वाचणाऱ्याला समजावे म्हणूनच तो लिहिला आहे. ही किंमत कशी काढली, हे माधवाच्या शिष्यपरंपरेने उपपत्तीसह लिहून ठेवले. माझ्या नववीच्या वर्गातून शेकडो मुले ‘गोपीभाग्य’ पाठ करून बाहेर पडली. माधवाचे नाव त्यांतल्या एकानेही माझ्याकडून ऐकले नाही, कारण मलाच ते तेव्हा ठाऊक नव्हते.

तेव्हा एक विनंती. कटपयादीतला पायच छापायचा असेल, तर केरळातील कडत्तनाडच्या शंकरवर्म्याने १८१९च्या सुमारास ‘सद्रत्नमाला’ या ग्रंथात दिलेली ओळ आहे: ‘भद्राम्बुद्धिसिद्धजन्मगणितश्रद्धा स्म यद् भूपगीः’. व्यास परार्ध, म्हणजे एकावर १७ शून्ये, असे ग्रंथकाराने तिथेच सांगितले आहे आणि शेवटचा आकडा जवळच्या किमतीला नेलेला धरला तर अठराही आकडे बरोबर आहेत. आपण ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावी. अक्षरांखाली आकडे देताना बाण मात्र उजवीकडून डावीकडे काढायला सजावटकारांना आवर्जून सांगावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक, वाई