जूनमधल्या नॉर्वेविषयी आई-बाबांना

पुणे,
१२ जानेवारी

ति. आई व ति. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेले सहलीचे पत्रक मी दोनदा वाचले. नऊ दिवसांत चार देश आणि रोज सकाळी सामान बांधून बसमध्ये बसायचे, हा बेत आईच्या गुडघ्यांना झेपणारा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय पत्रकावर आकाशातल्या हिरव्या ध्रुवीय प्रकाशाचे मोठे छायाचित्र आहे आणि सहल मात्र मे महिन्याच्या अखेरीस निघते. त्या प्रकाशासाठी काळोखी रात्र लागते, आणि उत्तरेकडे ट्रोम्सोला मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. तो प्रकाश पाहायचा तर साधारण सप्टेंबर ते मार्च या काळात जावे लागेल, आणि त्यातही थंडीच्या ऐन दिवसांत गोठलेल्या रस्त्यांवर तुम्हा दोघांना चालवण्याची माझी तयारी नाही. म्हणून उत्तर टोकाचा विचार या वेळी सोडून द्यावा आणि केवळ दक्षिण नॉर्वे, तोही बराचसा रेल्वेने पाहावा, असे मला वाटते. तिकडे जायची आपणा सर्वांचीच ही पहिली खेप असल्यामुळे थोडी ठिकाणे निवडून तिथे मुक्काम करणे बरे.

जून मी मुद्दाम सुचवते आहे. बाबांच्या कलमांवरचा आंबा तोवर उतरलेला असेल, आणि तिकडे डोंगरावरचा बर्फ वितळत असल्याने धबधबे भरात असतात. घरावर पाऊस येईल तेव्हा आपण इथे नसू, ही बाबांची काळजी मला ठाऊक आहे; कौले मेमध्येच चाळून घेऊ आणि किल्ली काकांकडे ठेवू.

आता बाबांसाठी. ओस्लो ते बर्गन हा रेल्वेमार्ग १९०९ साली पूर्ण झाला. गाडीला साडेसहा ते सात तास लागतात आणि वाटेतले फिन्से हे स्थानक १२२२ मीटर उंचीवर आहे, तिथे जूनमध्येही बर्फ दिसतो. याच मार्गावरचा ग्राव्हाल्सचा बोगदा ५.३ किलोमीटर लांबीचा असून तो कठीण खडकातून खोदून १९०६ साली पूर्ण करण्यात आला. कोकण रेल्वेचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा होताना तुम्ही पाहिला आहे, तेव्हा नव्वद वर्षे आधी, त्या थंडीत आणि तेव्हाच्या साधनांनी हे काम कसे झाले असेल याचा अंदाज आमच्यापेक्षा तुम्हालाच चांगला येईल. म्यूर्दाल स्थानकावर उतरून आपण फ्लोमची गाडी धरणार आहोत. वीस किलोमीटरच्या या फाट्यावर वीस बोगदे आहेत, त्यांतले अठरा हातांनी खोदलेले. आणि जवळजवळ साडेआठशे मीटरची उतरण गाडी तासाभरात, दातेरी रुळाच्या मदतीशिवाय उतरते. सर्वांत तीव्र चढ १८ला १, म्हणजे अठरा मीटरमागे एक मीटर, आहे. बोरघाटातला ३७ला १ हा चढ तुम्ही आम्हाला लहानपणी कौतुकाने सांगायचात, म्हणून हा आकडा मुद्दाम लिहिला.

फ्लोमला दोन रात्री राहू. तिथून बोटीने गुदवांगेनला जायला सुमारे दोन तास लागतात आणि बोट नॅरोयफ्योर्डमधून जाते, जो काही ठिकाणी जेमतेम अडीचशे मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना कडे सरळ उभे आहेत. २००५ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. आईने विचारले होते की फ्योर्ड म्हणजे आपल्या जयगडच्या खाडीसारखेच ना. समुद्राचे पाणी आत शिरलेले असते एवढे साम्य खरे. पण ही दरी हिमनद्यांनी कोरलेली आहे, आणि नॅरोयफ्योर्ड ज्याचा फाटा आहे तो सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून अधिक आत जातो व तेराशे मीटर खोल आहे. बोटीत बसायला आतली बंद जागा असते, त्यामुळे वाऱ्याची भीती नको.

गुदवांगेनहून बसने व्होस आणि पुढे रेल्वेने बर्गन. बर्गनला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. आपल्याकडे चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथे तो वर्षभर पुरवून पुरवून पडतो, एवढाच फरक; रत्नागिरीकरांनी त्याची धास्ती घेऊ नये. बंदरावरची ब्रिगेनची जुनी लाकडी घरे पाहायला चालणे थोडेच आहे, आणि फ्लोयेनच्या टेकडीवर दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे थेट ३२० मीटरपर्यंत नेते.

ओस्लोमध्ये आईसाठी मी नगरभवन राखून ठेवले आहे. नोबेल पारितोषिकांपैकी केवळ शांततेचे पारितोषिक ओस्लोत, दरवर्षी १० डिसेंबरला याच सभागृहात दिले जाते, आणि २०१४ साली कैलाश सत्यार्थी व मलाला युसुफझाई यांनी ते इथेच स्वीकारले. गांधीजींचे नाव पाच वेळा सुचवले गेले आणि ते कधीच मिळाले नाही. १९४८ साली, त्यांच्या हत्येच्या वर्षी, योग्य अशी जिवंत व्यक्ती नाही असे सांगून समितीने पारितोषिक कोणालाच दिले नाही. वर्गात इतकी वर्षे गांधीजी शिकवल्यावर आईला त्या सभागृहात उभे राहून त्याविषयी दोन शब्द बोलायचे असतीलच. फ्राम हे ध्रुवप्रदेशात गेलेले जहाजही ओस्लोतच जपलेले आहे आणि त्यावर चढता येते. जिने मात्र आहेत, म्हणून ते तब्येत पाहून ठरवू.

एका गोष्टीची आईने तयारी ठेवावी. जूनच्या अखेरीस ओस्लोला सूर्य रात्री साडेदहानंतर मावळतो आणि चारच्या आत उगवतो. तिन्हीसांजेचा दिवा घड्याळ पाहूनच लावावा लागेल, आणि झोपेसाठी डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या मी घेऊन ठेवते.

खर्चाचे लपवत नाही. तिकडे बाहेरचे जेवण फारच महाग आहे. म्हणून स्वयंपाकघर असलेल्याच जागा घेऊ. ओस्लोच्या ग्रॉनलांड भागात आपल्या उपखंडातल्यांची दुकाने आहेत, तिथे डाळ-तांदूळ मिळतात. मेतकूट, भाजणी आणि आमसुले इथून नेऊ. तूप, खवा, पेढे यांना मात्र बंदी आहे, कारण युरोपबाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. बाबांचे वय सदुसष्टच्या पुढे असल्याने रेल्वेभाड्यात सवलत मिळू शकते. तरी तिकिटे लवकर काढलेलीच स्वस्त पडतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक, लागेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे फेब्रुवारीतच तो भरून टाकू. बोटांचे ठसे देण्यासाठी तुम्हाला एकदा मुंबईला यावे लागेल, तेव्हा दादरला मावशीकडे राहता येईल. किमान तीस हजार युरोचा प्रवासविमा सक्तीचा आहे. बाबांच्या रक्तदाबाची नोंद त्यात खरी खरी करायची, हप्ता वाढला तरी चालेल. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो. आईचा बहुधा पुढच्या वर्षी संपतो, तो आजच काढून पाहावा.

दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानांचे फोटो, बाबांचे निवृत्तिवेतनाचे कागद आणि गेल्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे दादाकरवी पाठवावेत. डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी इंग्रजीत घ्यावी आणि गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. बाबांना मार्गाचा नकाशा हवा असेल, तो छापून पोस्टाने वेगळा पाठवते आहे. त्यावर काही बदल सुचवायचे असतील तर पेन्सिलने खुणा करून महिनाअखेरीपर्यंत कळवावे, म्हणजे मला विमानाची तिकिटे पाहता येतील.

तुमची,
मनू