आधी येणे

वडोदरा,
१२ जुलै २०२५

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

डेंग्यूच्या पत्रकात ‘प्रिव्हेन्शन’ला काय लिहू, असं तू विचारलंस आणि तो शब्द दोन दिवस डोक्यातून जाईना. त्याचं मूळ लॅटिन आहे: ‘प्राए’ म्हणजे आधी, ‘वेनिरे’ म्हणजे येणे. थांबवणं त्यात नाहीच, नुसतं आधी येणं आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात, ११९ व्या स्तोत्रात, भक्त म्हणतो की मी पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केलं. पहाट कोण अडवणार? तो उजाडायच्या आत उठून प्रार्थनेला बसला, एवढंच. जो आधी पोचतो तो पुढच्याची वाट अडवतो, म्हणून अडवण्याचा अर्थ नंतर चिकटला.

आपला ‘प्रतिबंध’ बांधण्यातून आलेला. इथे सयाजीरावांनी १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला, तिथे तो शोभतो; कायद्याला आडवंच उभं राहावं लागतं. ‘निवारण’ मला आणखी उशिराचं वाटतं. तक्रार निवारण, दुष्काळ निवारण... संकट दारात आल्यावरचे शब्द.

गेल्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मी दाराला वाळूच्या गोण्या लावल्या आणि निर्धास्त झोपलो. पहाटे पाणी न्हाणीघराच्या मोरीतून वर आलं. बाबांची पुस्तकं खालच्या फळीवर होती. त्यांच्या हातच्या टिपा असलेली ज्ञानेश्वरी उन्हात धरली, पण शाई पार पसरली होती. अजून ती उघडवत नाही. शेजारच्या बांनी मात्र पाऊस वाढताच आदल्या दुपारी धान्य, गाद्या, देव सगळं माळ्यावर चढवलं होतं. मला म्हणाल्या, “भाई, पाणी पहेलां पाळ बांधवी पडे.” पाणी यायच्या आधी बांध घालावा लागतो, ही गुजराती म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ तिच्यात जसाच्या तसा आहे, हे तुझ्या पत्रामुळे कळलं.

तेव्हा मथळ्यात ‘डेंग्यू प्रतिबंध’ नको, ‘डेंग्यू येण्याआधी’ असं लिही. आणि फवारणीच्या आधी कोरडा दिवस छाप: आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून घासायच्या. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, हेही लिही, म्हणजे आठवडाच का ते लोकांना कळेल. कच्चा मसुदा पाठव, मी लगेच वाचतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत