भाग अस्सल, तरी फोनला ‘अनोळखी’

संपादक महोदय,

मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ‘दुरुस्ती निर्देशांक’ (वस्तू दुरुस्त करणे किती सोपे, याचे गुण) देण्यासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. सुटे भाग, अवजारे, स्क्रू, दुरुस्तीची माहिती, सॉफ्टवेअर अपडेट असे निकष त्यात आहेत. निकष योग्यच आहेत. पण दुकानाच्या काउंटरवर आज स्क्रूचे काही अडत नाही. आयफोनच्या पाच पाकळ्यांच्या स्क्रूला लागणारा पेंटालोब ड्रायव्हर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो, गोंद गरम केला की सुटतो. सुटत नाही ते सॉफ्टवेअरचे कुलूप.

आयफोनची बॅटरी घ्या. तिच्या कडेला बीएमएसची, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची, छोटी पट्टी असते. तिच्या चिपमध्ये अनुक्रमांक, चार्जिंगच्या फेऱ्या, क्षमता यांची नोंद असते. २०१८ च्या एक्सएस, एक्सआरपासून मदरबोर्ड हा क्रमांक ताडून पाहतो. तो जुळला नाही, तर तशाच दुसऱ्या फोनमधून काढलेल्या कंपनीच्या बॅटरीलाही सेटिंगमध्ये ‘अनोळखी’ शेरा मिळतो आणि गिऱ्हाइकाला वाटते, दुकानदाराने डुप्लिकेट माल खपवला.

हा शेरा टाळायला कारागीर जुनी पट्टी काढून नव्या सेलच्या निकेल पत्र्यांवर स्पॉट वेल्डरने जोडतात. करंट जास्त लागला तर पत्र्याला भोक पडते, सेल तापतो. कमी लागला तर जोड पुढे केव्हातरी सुटतो आणि फोन चालता चालता बंद पडतो. एवढे करूनही चिपमधले आकडे जुनेच राहतात, म्हणून कोरा सेल बसवूनही फोन बॅटरीच्या क्षमतेची जुनीच टक्केवारी दाखवतो. ते आकडे बदलायला प्रोग्रामर नावाचे वेगळे यंत्र घ्यावे लागते. साध्या अदलाबदलीच्या कामात लिथियम सेलवर वेल्डिंग करायला लावणारे कुलूप कोणाच्या सुरक्षिततेसाठी आहे?

स्क्रीनचीही तीच गत. आयफोन एक्स ते १२ मध्ये कानाच्या स्पीकरची सेन्सरपट्टी स्क्रीनला चिकटलेली असते. ती जुन्या स्क्रीनवरून अलगद उचलून नवीवर लावावी लागते. फाटली तर फेस आयडी, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडण्याची सोय, गेला. दुसऱ्या फोनची पट्टी चालत नाही, कारण ती त्याच्या बोर्डाशी बांधलेली. २०२१ मध्ये आयफोन १३ आला तेव्हा तर नुसती स्क्रीन बदलली तरी फेस आयडी बंद पडे. जुन्या स्क्रीनची चिप मायक्रोस्कोपखाली उचलून नव्या स्क्रीनवर बसवणे एवढाच मार्ग होता. ओरड झाली आणि आयओएस (आयफोनचे सॉफ्टवेअर) १५.२ मध्ये ते कुलूप निघाले. एका अपडेटने निघणारी अडचण तांत्रिक अपरिहार्यता कशी म्हणायची?

आयओएस १८ पासून वापरलेले अस्सल भाग काही मॉडेलांत फोनमधूनच जुळवता येतात, हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्या फोनमधून भाग काढला त्याचे ॲक्टिव्हेशन लॉक (फोन मालकाच्या खात्याशी बांधणारे कुलूप) चालू असेल तर भाग जुळत नाही. चोरीच्या मालाला आळा म्हणून ते ठीक. जुना फोन सुट्या भागांसाठी घेताना मालकाच्या खात्यातून तो काढला आहे ना, एवढे आधी पाहावे.

लॅपटॉपबद्दल एकच: रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर ८ जीबीचे १६ होणे विसरा. खोक्यावर हे ठळक छापले जात नाही.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून सॉफ्टवेअरने केलेली भागांची अशी बांधणी रोखली. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ पासून दुरुस्तीची माहिती देणारे ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल आहे, पण त्यावरची माहिती वाचून चिप जुळत नाही. निर्देशांकात भागांची बांधणी हा स्वतंत्र निकष असावा, जुळवणीचे सॉफ्टवेअर अधिकृत केंद्राबाहेरच्या दुकानांनाही त्याच अटींवर मिळावे, आणि रॅम व स्टोरेज बदलता येते की नाही हे खोक्यावर किमतीशेजारी छापणे सक्तीचे व्हावे.

– एक मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, बुधवार पेठ, पुणे