पुस्तिकेतल्या बापूरावांविषयी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: शास्त्रीय गायक द. वि. (बापूराव) पलुस्कर यांच्या चार सीडींच्या संचासोबतची 16 पानी पुस्तिका. ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केलेली तक्रार पुन्हा उघडणे.

महोदय,

संचात काय आहे ते तुम्हीच छापले आहे, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. आजचा फोन चौथा होता. यापुढे लेखीच.

पान 3 वर ‘तरुण बापूराव’ या ओळीखाली छापलेले छायाचित्र त्यांचे नाही. ते त्यांच्या वडिलांचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे आहे. पान 5 वर म्हटले आहे की चौदाव्या वर्षापर्यंत वडिलांनी त्यांना समोर बसवून तालीम दिली. बापूरावांचा जन्म 28 मे 1921 चा आणि विष्णु दिगंबर गेले ऑगस्ट 1931 मध्ये. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. चौदावे वर्ष कुठून आले तेही सांगतो: 1935 साली जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात ते पहिल्यांदा मोठ्या मैफलीत गायले. तुमच्या लेखकाने तिथपर्यंत वडिलांना जिवंत ठेवले. दरम्यान ज्यांनी हा गळा प्रत्यक्ष घडवला ते वडिलांचे शिष्य विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास सोळा पानांत कुठेही नाहीत. पान 14 वर बापूरावांच्या नावे काढलेले 1973 चे टपाल तिकीटही वडिलांचेच.

या चुका एका दुपारी दुरुस्त होतील. खरी तक्रार लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

पुस्तिकेत ‘अकाली’ हा शब्द अकरा वेळा आहे. ‘ग्वाल्हेर’ एकदा, तोही शहराचे नाव म्हणून, गायकीच्या घराण्याचे म्हणून नव्हे. ‘गौडसारंग’ एकदाही नाही, आणि दुसऱ्या सीडीत तो राग आहे! माणूस चौतिसाव्या वर्षी, ऑक्टोबर 1955 मध्ये गेला याची हळहळ ज्याला त्याचे गाणे आवडते त्याला आहेच, त्यासाठी पुस्तिका लागत नाही. पुस्तिका लागते ती सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत त्याने काय केले हे सांगायला. मुखडा, स्थायी, अंतरा, मोजके आलाप, बंदिशीच्या शब्दांवरच्या ताना, मग ‘आ’काराच्या स्वच्छ ताना, आणि प्रत्येक वेळी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अशी परत की घाई झाल्याचे जाणवूही नये. पहिल्याच आवर्तनात राग ओळखीचा होतो. ही शिस्त ग्वाल्हेरची: बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडून विष्णु दिगंबरांकडे आणि त्यांच्या शिष्यांकडून बापूरावांकडे आलेली. याऐवजी तुम्ही ‘स्वर्गीय सुरांचा शापित गंधर्व’ छापले. हे वाक्य कुठल्याही गायकाच्या फोटोखाली चालेल; तुमच्या पुढच्या संचात बहुधा दिसेलच.

पान 9 तर कहर आहे. ‘चलो मन गंगा जमुना तीर’ या भजनात म्हणे त्यांना ‘मृत्यूची चाहूल लागली होती’. पद मीराबाईचे आहे. ते आजवर शेकडो गायकांनी गायले आणि त्यातले बरेचसे छान म्हातारे झाले. त्याच पानावर ‘रियाजाच्या अतिश्रमाने देह झिजला’ असेही आहे. ते गेले मेंदूच्या दाहाने, एन्सेफलायटिसने. रियाजाने माणूस मरतो असे शिकणाऱ्या मुलांच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकेत छापताना निदान कुणाला तरी विचारायचे.

‘बैजू बावरा’बद्दल. 1952 च्या त्या चित्रपटातल्या देसी रागातल्या जुगलबंदीत ‘पलुस्करांनी अमीर खाँसाहेबांना हरवले’ असे तुम्ही लिहिले आहे. जिंकला तो पटकथेतला बैजू. तानसेनासाठी अमीर खाँ गायले, बैजूसाठी पलुस्कर, आणि कोण जिंकणार ते कागदावर आधीच ठरलेले होते. खाँसाहेब वयाने नऊ वर्षांनी मोठे, दुसऱ्याच वळणाचे गवई. त्यांना खाली ओढून बापूराव उंच होत नाहीत. बैजूची बाकीची बहुतेक गाणी मोहम्मद रफींची आहेत, हेही एका ओळीत मावले असते. आणि ही जुगलबंदी बापूरावांचे ‘अखेरचे चित्रपटगीत’ नव्हे. 1955 च्या ‘शापमोचन’ या बंगाली चित्रपटातही ते गायले आहेत.

न्याय्य लिहायचे तर उणेही लिहावे लागते. हे गाणे फार नीटनेटके आहे, धोका पत्करत नाही, असा आक्षेप घेता येतो, आणि तो छापायला हवा होता. त्यालगत हेही, की संथ बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, तीन मिनिटांच्या तबकडीवर मावतच नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाबद्दल मत द्यायचे तर आकाशवाणीची लांब ध्वनिमुद्रणे ऐकावी लागतात. ती तुमच्या संचात नाहीत, तरी वेष्टनावर ‘संपूर्ण’ लिहिले आहे.

आता आजच्या फोनकडे येतो. बावीस मिनिटे तुमची धून ऐकल्यावर एक बाई बोलल्या. पानांचे क्रमांक सांगून सगळे मुद्दे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “सर, सीडी वाजते ना?” वाजते म्हटले. “मग प्रॉडक्टमध्ये डिफेक्ट नाही.” मजकूर चुकीचा आहे म्हटल्यावर थोडी शांतता. मग, “सर, सिंगर एक्स्पायर झालेत ना?” हो, 1955 साली. “मग तक्रार कुणाची आहे?” माझी, पैसे मी दिलेत. “पण त्यांच्याबद्दल चांगलंच लिहिलंय की सर. फॅन असून तुम्हाला चांगलं लिहिलेलं चालत नाही?” यावर मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या भावनांचा आदर केला (एकूण पाच वेळा, मोजले) आणि भजनांच्या रिमिक्स अल्बमवर दहा टक्के सवलतीचे कूपन पाठवले. फोन ठेवून दोन मिनिटे होत नाहीत तोवर संदेश: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ बाईंना दोष देत नाही, त्यांच्यासमोर जे पान उघडते तेच त्या वाचणार. ते पान कुणी लिहिले ते मात्र जाणून घ्यायला आवडेल. पुस्तिकेचाच लेखक असावा.

आणि सीडी ‘वाजते’ म्हणजे काय तेही ऐका. तिसऱ्या सीडीतली 7 आणि 8 क्रमांकाची ध्वनिमुद्रणे म्हणजे एकाच तबकडीच्या दोन बाजू, पण दोन्हींचा षड्ज (सा) जुळत नाही. जवळजवळ पाव स्वराचा फरक आहे. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी 80 च्या वेगाने फिरवली की इतकेच होते: सूर चढतो, ताना आहेत त्यापेक्षा चपळ वाटतात, आवाज कोवळा होतो. मग पुस्तिकेत ‘विलक्षण कोवळा आवाज’ लिहायला तुम्ही मोकळे. तानपुरा लावून तपासायला दहा मिनिटे पुरतात.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. दुरुस्त पुस्तिका, छापील, माझ्याखेरीज हा संच घेतलेल्या प्रत्येकाला. त्यात प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा राग, ताल, वर्ष, तबकडीचा क्रमांक आणि साथीदार. जे माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’. 7 आणि 8 योग्य वेगाने. वेष्टनावरून ‘संपूर्ण’ काढणे. कूपन परत घ्या.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर आधी 1915 या हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे दिशाभूल करणाऱ्या वर्णनाची तक्रार नोंदवीन. पुस्तिकेची प्रत शेऱ्यांसह तयार आहे. लाल शाई पुरली नाही, म्हणून पान 9 पासून हिरवी आहे.

आपला,
एक ग्राहक

ता. क. पान 3 वरचे छायाचित्र वडिलांचे आहे. हे आधीच्या तिन्ही फोनवरही सांगितले होते.