काय सांगतोस!

सातारा, रविवार

प्रिय नंद्या,

परवा तुझ्या लेकाला मी फोनवर रडवलं, त्याची ही भरपाई. "काका, मी पोहण्यात पहिला आलो," तो म्हणाला. मी म्हणालो, "काय सांगतोस!" त्यानं तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं. मला आणखी कौतुक वाटलं, म्हणून पुन्हा, "काय सांगतोस!" तिसऱ्या खेपेला त्याचा आवाज कापला. मागे तू खदाखदा हसत होतास, लेका.

त्याचं चुकलं नाही. शब्दाला शब्द लावला तर हा प्रश्नच आहे. पण त्याला उत्तर द्यायचं नसतं, पुढचं सांगायचं असतं. ऐकणारा पाट ओढून बसलाय, एवढाच त्याचा अर्थ. 'थापा मारू नकोस' म्हटलं की माणूस खोटा ठरतो. इथं फक्त बातमी खरी वाटण्यापलीकडची असते. माझी आजी तर सकाळीच कळलेली बातमीसुद्धा दुपारी शेजारणीकडून "काय सांगतेस!" करत ऐकायची. सांगणारीचा आनंद का घालवा?

मंडईत याच शब्दांना वेगळी धार. गवारीचा भाव ऐकून आई "काय सांगतेस बाई!" म्हणाली, की भाजीवाली आपसूक पाच रुपये उतरायची. होस्टेलवरचा आपला नागपूरकर आठवतो? "काय सांगून राह्यला बे!" त्यात निम्मी शिवीच होती. आणि 'कायतरीच काय!' हे कौतुकासाठी राखलेलं. वहिनींच्या आमटीला छान म्हण, तेच म्हणतील आणि आणखी एक पळी वाढतील.

'अविश्वास' मात्र घरात कुणी म्हणत नाही. तो लोकसभेतला शब्द. १९६३ साली आचार्य कृपलानींनी नेहरूंच्या सरकारवर तिथला पहिला अविश्वास ठराव आणला. बाजूनं ६२ मतं, विरोधात ३४७. घरी आपण म्हणतो, विश्वास बसत नाही. बसतो काय, उडतो काय, चिमणीसारखंच सगळं. मूळ धातू श्वासाचा आहे म्हणे, पण पोराला व्याकरणात नेऊ नकोस, चिमणीच सांग.

एक वापर त्याला एवढ्यात सांगू नकोस. गेल्या श्रावणात तू पहाटे फोन केलास, तुझ्याकडे संध्याकाळ होती. आपले गणिताचे सर गेले म्हणालास. मी "काय सांगतोस" एवढंच म्हणालो, अगदी हळू. तू ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाहीस. बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नव्हता.

असो. पदकाचा फोटो अजून आलेला नाही. त्यालाच पाठवायला सांग, आणि या वेळी मी काय म्हणेन ते आधी सांगून ठेव.

तुझाच,
दिन्या